जाऊबाईंचा दौलतराव

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी माणूस म्हणून माणूस कधी पाहिलाच नाही. त्यांना सगळीकडं सिनेमातली पात्रंच दिसायची. साठ सालानंतरची गोष्ट, तेव्हा कामशेतला तंबूतला सिनेमा यायचा. बायकांच्या बाजूला, आमच्या धाकट्या नणंदेला, सुमनला, शेजारी घेऊन जाऊबाई बसायच्या आणि तिथूनच पडद्यावरच्या नायिकेला बजावायच्या, "बाई, दार लाव, त्यो आलाय." घरी आल्या की गावाला कामं वाटून द्यायच्या. किराणावाला चष्म्याच्या वरून बघतो म्हणून तो मुनीम. माझे यजमान म्हणजे नायिकेचे वडील, छातीला हात लावून खुर्चीत बसण्यापलीकडं काम नाही. मी आपली नायिकेची मैत्रीण. का, तर "गाण्यात मागं नाचायचं, पुढं तुझं काय झालं ते कुणी इचारत न्हाई." राग यायचा हो, पण बोलणार काय, खरंच होतं ते.

पण त्यांच्या मनात कायमचा घर करून बसला होता दौलतराव, एका सिनेमातला खलनायक. बारीक मिशी, पांढरे बूट, बोलणं असं की साखर पेरावी. हा दौलतराव अख्ख्या सिनेमात जेवत नाही. ताट समोर आलं की सिगारेट पेटवून उठतो. त्यावरून जाऊबाईंनी दुष्टाची खूणच ठरवून टाकली, "ज्याला भूक न्हाई त्याला माया न्हाई." एकदा देवीची लस टोचायला सरकारी माणूस आला, तर दोन भाकरी खाल्ल्याशिवाय त्याला कुणाच्या दंडाला हात लावू दिला नाही. तोही बिचारा मुकाट्यानं जेवला.

सासूबाई गेल्यावर सुमनला वाढवलं ते जाऊबाईंनीच. त्यामुळं तिच्या लग्नात त्यांचाच शब्द शेवटचा. आता भाताच्या आवणीच्या, रोपं लावायच्या घाईत कुणी मुलगी बघायला येतं का? पण मुलगा लोणावळ्याला रेल्वेत, रजा तेव्हाच मिळाली. आला तो बारीक मिशी आणि पांढरे बूट घेऊनच. मला तिथंच घाम फुटला. पोहे पुढं केले, तर चार दाणे चिवडून बशी खाली ठेवली. जाऊबाई तडक चुलीपाशी आल्या. "सुमे, न्हाई. ह्यो दौलतराव हाय."

सुमन कधी त्यांच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. त्या दिवशी चुलीकडं बघत एवढंच म्हणाली, "वयनी, मला आवडल्यात ते."

जाऊबाई काही हो म्हणाल्या नाहीत. घरात सुतक असावं तसं झालं.

पाहुण्यांची परतीची एसटी काही येईना. मुलाची आई ओटीवर पेंगायला लागली आणि मुलगा बूट हातात घेऊन बांधाकडं गेला. तिथं आवणीच्या बाया भाकरीची फडकी सोडून जेवायला बसलेल्या, बरोबर खेकड्याचा रस्सा. त्यांच्यातली ठमामावशी म्हणाली, "पावनं, बसा की हितं, घासभर खावा." त्यानं एकदा वळून घराकडं पाहिलं, आई दिसली नाही, आणि बसला की मांडी घालून. मुलीच्या घरी हावऱ्यासारखं खायचं नाही, असं आईनं बजावलं होतं म्हणे. सकाळपासून पोटात काही नाही. आम्ही तिघी मागच्या दारातून बघत होतो. नांग्या दातानं फोडून चोखत होता, त्या दौलतरावी मिशीवरून रस्सा ओघळत होता, आणि वर ठमामावशीपुढं आणखी एका भाकरीसाठी हात.

जाऊबाई दारातून आणखी पुढं सरकल्या. मग मला हळूच विचारलं, "धाकटे, दौलतराव खेकडा चोखील का गं?"

नाही चोखणार, म्हटलं. छातीवरचा धोंडा उतरला माझ्या. सुमन पदराआड हसत होती की रडत होती देव जाणे. जाऊबाई तर भाकरीची चवड घेऊन बांधाकडं निघाल्यासुद्धा.

दिवाळीनंतर लग्न झालं. पुढं तंबू आला तेव्हा जाऊबाई जायलाच तयार होईनात, मीच ओढून नेलं आणि सुमनच्या जागेवर बसले. नायिकेच्या दाराशी कुणीतरी आला, पण जाऊबाईंनी काही बजावलं नाही. अंधारात माझा हात चाचपला आणि म्हणाल्या, "सुमे, शाल घे गं, गारठा लय हाय."

मी नुसतं 'व्हय' म्हटलं आणि शाल घेतली.