धाकट्या दिराचा क्लच

थांबलेली गाडी ज्याला बघवत नाही असा माणूस साऱ्या सुरतेत एकच होता, आणि माझं नशीब असं की तो माझा धाकटा दीर होता. चालत्या गाडीत त्याला काही रस नव्हता. ती किती पळते, किती तेल खाते, कुठे पोचते, हे तो कधी विचारायचा नाही. त्याचा सगळा जीव गाडी जागेवरून सुटते त्या एका क्षणात अडकलेला. आम्ही खानदेशातून आलेली माणसं, पर्वत पाटियाला दोन खोल्यांत राहणारी; घरातले बाकीचे पुरुष कापडाच्या लूमवर कामाला जायचे आणि हा एक जुनी मोटार भाड्याने फिरवायचा. तिच्यावर त्याचं पोट होतं. पण तो बोलायचा असं, जणू पोट ही गाडीला मधेच आलेली अडचण आहे. “वहिनी, तुमले काय समजस! शर्यत सुटतांना जिंकतस, पोहचतांना नही,” हे तो मला भाकरी वाढताना ऐकवायचा, आणि ताटाखाली त्याचा डावा पाय हळूहळू वर येत असायचा. क्लच अर्ध्यावर आला की एका जागी तो गाडीला धरतो म्हणे. ती जागा पायाला कळली पाहिजे. आधी सोडला तर गाडी उडी मारून बंद पडते, उशिरा सोडला तर आतली प्लेट जळते. हे सगळं मला पाठ झालं होतं. मला गाडी चालवता येत नाही, पण ऐकून ऐकून मी कुणालाही नापास करू शकले असते.

माझ्या शिलाई मशीनच्या पायडलवर तो सराव करायचा. सुई मोडली की “सुटली, सुटली!” म्हणून टाळी द्यायला हात पुढे करायचा. मी हातावर काय ठेवायची ते इथे लिहीत नाही. चालायचाही तसाच. दारात उभा राहून मागेपुढे झुलायचा आणि मग एकदम निघायचा. त्यात शेजारणीचे वाळत घातलेले पापड दोनदा तुडवले. त्याची बायको, माझी धाकटी जाऊ, सांगायची की त्यांच्या लग्नात अंतरपाट बाजूला झाला तसा हा हार घेऊन असा झेपावला की तिची मुंडावळी तुटून भटजींच्या पळीत पडली. एकदा त्याने मला कडोद्याला एका बारशाला नेलं. मांडीवर कढीचं पातेलं होतं. पाटियाच्या चौकात पोलिसाने हात खाली केला मात्र, मोटार उसळली, आणि कढी माझ्या नव्या लुगड्यावर. मी ओरडले, तर हा आरशात बघून म्हणतो, “बाजूचा रिक्षावाला मागे राहिला ना?” बारशाला मी कढीच्या वासाने ओळखली गेले. सहा महिने मी त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याला ते कळलंही नाही.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी त्याला समोर बसवून बजावलं. लग्न नंदुरबारला, नवऱ्यामुलाकडे. पाहुणे रेल्वेने जाणार होते. पण पोरगी हटून बसली, “मी काकांच्याच मोटारीतून जाणार.” लहानपणी त्याने तिला तसा शब्द दिला होता. मी म्हटलं, “भाऊजी, तोवर या गाडीला उड्या मारायला लावाल तर बघा. पोरीचा मुहूर्त आहे.” तो गळ्याला हात लावून शपथ घेता झाला. मला तेव्हाच समजायला हवं होतं, कारण शपथ घेताना त्याचा पाय हलत होता.

निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, घरच्या मांडवासाठी केळीचे खुंट आणायला आम्ही कामरेजकडच्या एका मळ्यात गेलो. खुंट टपावर बांधले, आणि परत येताना हा भलत्याच रस्त्याला वळला. तिथे कुठल्याशा प्लॉटांसाठी एक लांब सरळ रस्ता करून ठेवला होता, प्लॉट मात्र कधी पडले नव्हते. कापडवाल्या व्यापाऱ्यांची पोरं दर रविवारी तिथे मोटारी पळवायची. चुन्याची रेघ, तिथे दोन गाड्या उभ्या करायच्या, एकाने रुमाल टाकायचा आणि पलीकडच्या बाभळीपर्यंत जायचं. “पाच मिनिटं, वहिनी,” म्हणाला. मी खाली उतरले ती रागाने, कारण आत बसले असते तर मीही शर्यतीत धरली गेले असते.

टपावर केळी हलत असलेली आमची मोटार रेघेवर आली तेव्हा पोरं हसून लोळली. शेजारच्या चकचकीत गाडीतला एक म्हणाला, “काका, आ गाडी छे के घाणी?” गाडी आहे की तेलाचा घाणा, म्हणे. मला दिराचा राग होताच, पण त्या पोराचा त्याहून जास्त आला. आमच्या माणसाला शिव्या द्यायला आम्ही आहोत, ते काम याला कोणी दिलं?

आणि मग माझ्या दिराने जे केलं ते जगात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. शुभ काम म्हणून त्याने खिशातून लिंबं काढली. नव्या गाडीच्या चाकाखाली आपण ठेवतो ना, तशी. पण चारही चाकांना एकेक नाही. सगळी मागच्या दोन चाकांखाली. “ताकद मागच्या चाकांत असते, वहिनी,” त्याने मला समजावलं. नारळही तिथेच फोडला, पाणी चाकांवर ओतलं, वर हळदकुंकू. गुळगुळीत चिखल झाला. मी म्हटलं, “भाऊजी, घसराल!” तो म्हणाला, “देवाच्या पाण्याने कुणी घसरत नाही.”

रुमाल पडला. शेजारची गाडी गेली. आमची चाकं लिंबाच्या रसात जागच्या जागी फिरली, बिया माझ्या तोंडावर उडाल्या. हा बावरला. वर्षानुवर्षं ताटाखाली घोटलेलं सगळं विसरला आणि क्लच अर्ध्यावर धरून एक्सिलेटर दाबतच बसला. आधी वास आला, मग धूर. केळीचं एक पान तेवढं पुढे जाऊन पडलं.

रविवारी गॅरेज बंद. सोमवारी पहाटे निघायचं. पोरीने ऐकलं आणि फक्त म्हणाली, “तरी मी काकांच्याच गाडीत बसणार.” तिलाही दोन द्यावेसे वाटले. गाडी धक्का मारला तर चालत होती, पण एकदा थांबली की जागेवरून सुटायची खात्री नव्हती. म्हणून गल्लीने धक्का मारला, मी आणि नवरी चालत्या मोटारीत चढलो, आणि आम्ही नंदुरबारपर्यंत न थांबता गेलो. चहा नाही, पाणी नाही. व्याऱ्याजवळ रेल्वेचं फाटक बंद होतं, तर हा शेजारच्या मोकळ्या मैदानात गोल गोल फिरत राहिला. तिथली पोरं टाळ्या वाजवत मागे पळत होती, नवरी हसत होती, आणि मी गाडीतून एकेक शिवी मोजून देत होते. तो मात्र पाय कसा अलगद ठेवत होता ते मला आज आठवतं. तेव्हा बघायला मला सवड नव्हती.

मुहूर्त गाठला. लग्न लागलं. पाठवणीला नवरानवरी त्याच मोटारीत बसली, कारण पोरीने दुसऱ्या गाडीला नकार दिला. चार माणसं मागे हात लावून तयार होती. हा म्हणाला, “हात काढा.” मी खिडकीतून पोरीचा हात धरला होता. सांगायचं बरंच राहिलं होतं. सासूला उलट बोलू नको, भूक लागली तर मागून खा, असलं काहीतरी. मनात म्हटलं, आता हा उसळेल, तेव्हा सोडू. बायका रडत होत्या. मी कोरडी उभी होते, धक्क्याची वाट बघत.

धक्का बसलाच नाही. त्या जळक्या क्लचवर त्याने गाडी अशी सोडली की दुधावरची साय हलली नसती. माझ्या बोटांतून तिची बोटं कधी निघाली ते मला कळलं नाही. बघते तर मोटार मांडवाच्या कमानीपाशी गेलेली आणि माझा हात तसाच पुढे.

त्या वेळी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नाही, आणि पुढे तो देवाघरी गेला तरी राग काही गेला नाही. इतकी वर्षं आमची हाडं खिळखिळी केली मेल्याने. तेव्हा एक धक्का दिला असता, तर माझी पोर निघाली एवढं तरी मला कळलं असतं.