सॉरीचं मूळ

बुलढाण्याहून लोणारला निघालेल्या एसटीत ती बाई माझ्या सीटलगत खालीच बसली होती. मांडीशी वांग्यांची टोपली. एकेक वांगं पदरानं पुसून ती परत टोपलीत ठेवत होती. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, मीही नुकताच इंग्रजीचा मास्तर झालो होतो, आणि ते अख्ख्या गाडीला कळावं अशी माझी फार इच्छा होती.

मेहकरच्या अलीकडे गाडीनं गचका खाल्ला आणि माझी पुस्तकांची लोखंडी पेटी तिच्यावर घसरली.

“सॉरी,” मी म्हणालो.

“सॉरी म्हंजे काय हो, बाप्पा?” तिनं विचारलं.

झालं, मला वर्गच मिळाला! स्पेलिंगात आर दोनदा येतो, अर्थ ‘माफ करा’, आणि जुन्या इंग्रजीत हा शब्द वेदनेवरून आलाय, म्हणजे मुळात अर्थच दुखणं, असं मी मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती. हातातलं वांगं तसंच होतं.

माझं संपल्यावर म्हणाली, “सारं समजलं, मास्तर. आता पेटी उचला. पाय हाय खाली.”

मी पेटी उचलली. अंगठ्याचं नख रक्ताळलं होतं. तिनं त्यावर लुगड्याचा काठ ओढून घेतला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

लोणारला ती लंगडत दाराकडे निघाली आणि तिचा तोच पाय माझ्या बुटाला लागला. ती थांबली, टोपली सावरत वाकली, माझ्या बुटाला लावलेला हात कपाळाला नेला, आणि उतरून गेली.