शेंदूर न चालणारा देव

आता स्वतःची फजिती स्वतःच्याच तोंडाने का सांगावी, असे आपण विचाराल. कारण एवढेच की आमचे व्याही मधुकरराव ती सध्या गावभर सांगत सुटले आहेत, आणि त्यांचे मराठी अशुद्ध आहे. निदान फजिती तरी शुद्ध भाषेत सांगितली जावी.

माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. आमच्या नाशिकच्या कॉलनीतील ज्येष्ठ नागरिक मंडळात आजवर केवळ पदवीधर बोलत आले. यंदा प्रथमच मला पाचारण झाले. विषय मी निवडला: ‘दगडाला देव करण्याची आपली खोड’.

पुराव्यासाठी मला एक छायाचित्र हवे होते. कळवणच्या पलीकडे डोंगरात एक गुहा आहे. तिच्या भिंतीवर आदिमानवाने लाल रंगात काढलेला बैल आहे, हातात हात घालून नाचणारी माणसे आहेत, आणि त्याखाली, भिंतीपासून जरा सुटा, पाण्याने झिजून पालथ्या रांजणासारखा झालेला छातीएवढा खडक. चित्र माणसाचे, खडक निसर्गाचा, देवाचा संबंध कुठेच नाही. हे एकदा पडद्यावर दाखवले की पदवीधरांची तोंडे बंद, असा माझा हिशेब होता.

मोबाइल मधुकररावांचा, म्हणून मधुकरराव आले. ते आले म्हणून जेवणाचे डबे आले, आणि डब्यांबरोबर आमच्या सौभाग्यवती आल्या.

गुहेच्या तोंडाशी मी चपला काढल्या. कारण पूर्णतः शास्त्रीय होते: चपलांनी धूळ उडते आणि ती चित्रांवर बसते. मग खिशातून एक नाणे काढून मी खडकावर, बैलाच्या बरोबर खाली ठेवले.

“दक्षिणा का?” मधुकररावांनी विचारले.

“माप. शेजारी नाणे असले की चित्र केवढे आहे ते पाहणाऱ्याला कळते. पुस्तकांत असेच असते.”

“मग माझी टोपी ठेवू? लांबूनपण कळेल.”

मी बैलाकडे बोट केले. त्यांनी मोबाइल उगारला आणि लगेच खाली घेतला.

“जागा नाही म्हणतोय. थांबा व्याहीबुवा, जरा गुड मॉर्निंग उडवतो.”

आता मला सांगा, आदिमानवाचा बैल समोर उभा आहे आणि हा गृहस्थ बाहेर उजेडात बसून गुलाबाची फुले पुसतो आहे. माणसाने संतापावे तरी किती?

तेवढ्यात खाली जीप थांबली. गडावर देवीला निघालेले एक कुटुंब विसाव्याला थांबले होते: एक आजीबाई, त्यांचा मुलगा आणि सून. ते वर आले. त्यांनी माझ्या चपला पाहिल्या आणि काही न विचारता आपल्याही काढल्या. आत येऊन नाणे पाहिले. आजीबाईंनी कनवटीचे एक नाणे काढून माझ्या नाण्याशेजारी ठेवले. मुलाने ठेवले. सुनेने हारातले झेंडूचे फूल तोडून वाहिले.

“आजीबाई, ते माझे माप आहे,” मी म्हणालो.

“हा ना बाबा. ज्याचं त्याचं माप.”

मी माझे नाणे परत घ्यायला हात पुढे केला, तर मुलाने मनगट धरले. “बाबा, वाहिलेलं उचलू नाय. चांगल्या घरचे दिसता.”

इथवर ठीक होते. पण आजीबाईंची नजर भिंतीवर गेली.

“शेंदूर पार उडालाय गं देवाचा. लय दिवसांत कोनी लावलेला दिसत नाय. सुमे, डबी काढ. तेल हे ना?”

माझ्या पायांखालची गुहा सरकली. ऊनपावसाने, वटवाघळांनी, कोणीही ज्याचे काही बिघडवले नव्हते, तो बैल आता तेलशेंदराखाली कायमचा गाडला जाणार होता.

“हा शेंदूर नव्हे. आदिमानवाने काढलेले चित्र आहे. त्याला हात लावणे हा अपराध आहे,” मी एका दमात समजावले.

“आसंल. पन आता तो मानूस येतो का लावायला?”

असे म्हणत आजीबाई खडकाला वळसा घालून त्याच्या मागे गेल्या. बोट डबीत बुडले. सारे वाचन आठवून पाहिले. एकही युक्तिवाद कामाचा निघेना. शेवटी खडकासमोर उभा राहून मी दोन्ही हात जोडले.

“आजीबाई, हात जोडतो. या देवाला शेंदूर चालत नाही.”

बोट थांबले. “मंग काय चालतं?”

“लांबून नमस्कार.”

“आन हात लावला तं?”

“कोप होतो,” मी म्हणालो. जीभ झडली नाही.

“नाव काय देवाचं?”

“ते कोणालाच ठाऊक नाही.”

“आगं बया. बिननावाचा देव लय कडक असतो. सुमे, मागं हो.”

बैल वाचला. कुटुंब पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी बाहेर पडले. मी वळून पाहतो, तर आमच्या सौभाग्यवती डोळे मिटून उभ्या.

“तू काय करतेस?”

“कोप होतो म्हणालात ना? चाळीस वर्षं काही मानत नाही म्हणून सांगता, आणि हे एवढं कडक दैवत घरच्यांनाच सांगितलं नाही.”

मधुकरराव दारातून ओरडले, “आला बरं का एक फोटो! झकास आला. आणि बॅटरी गेली.”

रविवारी सभागृह भरले. मी जीव तोडून बोललो. मग दिवे मालवले आणि पडद्यावर तो एकमेव पुरावा आला. आजीबाई खडकाआड आणि बाकीचे चौकटीबाहेर असल्याने दिसत नव्हते. दिसत होता तो फूल आणि नाणी वाहिलेला खडक, आणि त्याच्यासमोर अनवाणी, हात जोडून, अत्यंत व्याकूळ चेहऱ्याने उभा असलेला मी.

कोणी हसले नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरे. पहिल्या रांगेतील एक पदवीधर गृहस्थ अदबीने उठले.

“मधुकरराव सांगत होते, तिथे हात लावला तर कोप होतो म्हणे. नेमके काय होते?”

मी पडद्याकडे पाहिले.

“भर सभेत व्याख्यान द्यावे लागते,” मी म्हणालो आणि खाली बसलो.