पुनावळ्याची बाल्कनी आणि माझ्या दोन अटी

काय सांगू राव, न घेतलेल्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी बरेच दिवस राहून आलोय. हसू नका, आधी ऐका.

माझी शाळा लहानपणीच सुटली. चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये मशीन चालवतो. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मशीनचं टूल झिजत आलं की तो आधीच सांगतो. नेटवर टाकला आणि खाली दोन अटी लिहिल्या. फुकट वापरा, पण त्यात भर घालून जे बनवाल तेही सगळ्यांसाठी असंच उघडं ठेवा. उघडं ठेवायचं नसेल, तर माझ्याकडून परवाना विकत घ्या.

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडची कुठली कंपनी आपलं काही उघडं ठेवेल? गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवल्याशिवाय आत सोडत नाहीत. म्हणजे फुकटची अट नुसती शोभेला!

एक दिवस मोठ्या कंपनीतल्या एका मॅडमचा फोन आला. तुमचा प्रोग्रॅम आवडला, अटींचं बोलायचंय, पुढच्या शुक्रवारी या. कुठल्या अटीचं, ते विचारायला मी लाजलो.

तेव्हापासून मशीनवर काम लावलं की समोर परवान्याच्या पैशातून घ्यायच्या फ्लॅटची, पुनावळ्याची बाल्कनी. खाली हायवेचे दिवे संथ वाहतायत, नदीत सोडल्यासारखे. आई खुर्चीत बसून मेथी निवडतेय. आईला सांगितलं, तर तिने तुळशीची जागाही ठरवली. त्याच तंद्रीत मी दापोडीच्या आमच्या घरमालकांना, काकांना, सांगून टाकलं की महिनाअखेर खोली सोडतो.

शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. आत शाल, गुच्छ, टाळ्या.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या अटीप्रमाणे आम्ही आमचा सगळा प्रोग्रॅम उघडा केला. साहेब तयार नव्हते, मी भांडून करून घेतलं."

"थँक्यू मॅडम," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? शालीतला फोटो काढावा, तर कॅमेऱ्यावर स्टिकर.

संध्याकाळी भर उन्हाळ्यात ती शाल घेऊन काकांच्या दारात उभा राहिलो. सगळं सांगितलं. काकांनी विचारलं,

"विकत घ्यायची अट होती ना?"

"होती."

"मग ही फुकटची कुणी घातली?"

"मीच."

काकांनी शालीची नीट घडी घालून ती माझ्या हातात दिली.

"राहा बाबा इथंच," ते म्हणाले. "फक्त भाड्याच्या अटी मी लिहिणार."