हिरवा आकडा

"मावशी, खोकायचं असेल तर संडासामागं जा. पाहुण्यांसमोर नको."

साहेब बोलले ते असं. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कंपनीत हवेच्या तपासणीला मोठे पाहुणे आले होते आणि हारांचं ताट धरून मी उभी होते. खोकल्याची उबळ आली, ताट हललं. एवढंच. साहेबांनी ताट काढून घेतलं, बोटानं वाट दाखवली. पाहुण्यांतला एक हसला.

आणि मी गेले. सांगायला लाज वाटते, पण गेले. तोंडात पदराचा बोळा कोंबून संडासाच्या भिंतीला टेकून उभी राहिले. साठी उलटलेली बाई मी.

सणसवाडीत त्या कंपनीत मी झाडलोट करायचे. माहेर माझं वडगाव रासाईचं, भीमेकाठचं. तिथलं थंडीतलं धुकं पांढरं, ओलं, अंगाला लागलं तर बरं वाटायचं. इथलं पिवळट, घशाला लागणारं. पावसाळ्यात हवा धुऊन निघते, उन्हाळ्यात वारं घेऊन जातं. पण दिवाळी सरली, गारठा पडला, की कंपनीचा धूर वर जायचं नावच घेत नाही. म्हशीवाणी खाली बसकण मारतो. तवा माझी सात वर्षांची नात छाती धरून बसते. तिच्या दप्तरात डब्याशेजारी औषधाचा पंप असतो.

पण ती संडासाची गोष्ट काहीच नाही. खरी लाजेची गोष्ट पुढं आहे.

कंपनीच्या गेटजवळ हवा मोजायचं मशीन आहे, भिंतीवर आकडा दाखवणारी पाटी आहे. हवा चांगली तर आकडा हिरवा, वाईट तर लाल. दिवाळी झाल्यावर साहेब म्हणाले, "मावशी, मशीनभोवती सडा टाकत जा. सकाळ-संध्याकाळ." मला बाई कौतुकच वाटलं. सडा टाकावा तर मीच! लग्न होऊन आले तेव्हापासून एक दिवस दार कोरडं ठेवलं नाही. ओंजळीनं असं पाणी फेकायचे की धुळीचा कण वर उठायचा नाही. मग एकदा मशीन बघणारा ऑपरेटर हसत म्हणाला, "मावशी, तुमच्या सड्यानं आकडा असा उतरतो बघा, ताप उतरावा तसा!"

तवा मला कळलं. कळलं, आणि मीही हसले. दुसऱ्या दिवशी दोन बादल्या जास्तच टाकल्या.

साहेबांनी मला संडासामागं घालवलं, त्याच आठवड्यात गावच्या बायका गेटवर आल्या. पुढं माझी सून. साहेबांनी पाटीकडं बोट केलं. "हिरवा आकडा आहे, ताई. पोरांना थंडी बाधते, दुसरं काही नाही."

सून म्हणाली, "आन् दोरीवरच्या कापडावर काजळी बसती, ती बी थंडीच का, साहेब?"

बायका हसल्या. साहेब माझ्याकडं वळले. माझ्या हातात बादली. "या मावशी रोज इथंच असतात. विचारा त्यांनाच. मावशी, होतो का काही त्रास?"

आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. "बोला की, आत्या," ती म्हणाली.

"न्हाई," मी म्हणाले. "काय बी न्हाई."

बायका परत गेल्या.

संध्याकाळी सून भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. गुमान भाकरी वाढली. नात पंप ओढत होती. ओढून झाल्यावर तो माझ्यापुढं धरला. "आजी, तूबी घे. तूबी खोकतीस की."

मी ताट सारून उठले.

सकाळी बादली साहेबांच्या दारात पालथी ठेवली. "साहेब, मी सडा टाकणार न्हाई."

"मग उद्यापासून येऊ नका. पाणी टाकायला कुणीही मिळेल."

"मिळंल. पर आजवरचं म्या टाकलंय. तेवढं गावात सांगणार हाय."

आणि सांगितलं. बायका नळावर जमल्या होत्या, तिथं उभी राहून सांगितलं. "तो हिरवा आकडा माझ्या हातचा हाय. माझ्या नातीची छाती वाजत होती, आन् मी पाणी टाकत होते." एकीनं हंडा उचलला आणि माझ्या अंगावरून निघून गेली. सुनेनं मान फिरवली. अजून ती माझ्याशी धड बोलत नाही. बोलू नये. मी माफी मागायला गेलेच नव्हते.

तपासणीचे लोक पुन्हा येतील. ते येतील तवा मी गेटवर असणार. त्यांना म्हणणार, आधी मशीनखालच्या मातीला हात लावा, ओली आहे का बघा. मग पाटी वाचा.

आणि खोकला आला तर खोकणार. तिथंच. पाहुण्यांसमोर.