सरड्याचं ऊन

चंदीगडमध्ये नव्या पैशाच्या लोकांनी आधी परदेशी कुत्री पाळली. शेजाऱ्याकडेही तसलंच कुत्रं आल्यावर त्यांनी काचेच्या मोठाल्या टाक्यांत मासे सोडले, मग पांढरे पोपट आणले. दोन हजार साल उलटून गेलं तेव्हा शेजारच्या पंचकुल्यातल्या एका नळ-तोट्यांच्या फॅक्टरीवाल्याला सरडा पाळायची हुक्की आली. हिरवा, डोक्यावर तुरा असलेला, रंग बदलणारा सरडा त्याने बँकॉकहून आणवला. विमानतळावरून तो कसा बाहेर काढला, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सहा महिन्यांत त्याला कंटाळा आला, कारण सरडा हाक मारल्यावर येत नाही आणि पाहुण्यांसमोर शेपूट हलवत नाही. त्या माणसाला हे आणल्यावर कळलं, यावरून त्याच्या अकलेचा अंदाज यावा.

त्याच्या आईच्या हाडांवर माझा नवरा इलाज करत होता. आई बरी झाली, तेव्हा फेब्रुवारीतल्या एका रविवारी हा गृहस्थ पिन्नीच्या लाडवांचा डबा आणि जाळीचा पिंजरा घेऊन आमच्या क्वार्टरमध्ये हजर झाला. "डॉक्टरसाब, आप तो साइंटिस्ट आदमी हो. आपके पास सही रहेगा ये," असं म्हणून त्याने आपला कचरा आमच्या व्हरांड्यात ठेवला. पिंजऱ्याच्या वर एक दोन फुटी ट्यूब होती. ती खास आहे, तिच्यातून उन्हातलं काहीतरी येतं, ते नसेल तर सरड्याची हाडं मऊ होतात, एवढं तो जाताजाता बोलला. नवऱ्याने मान डोलावली. त्याला पेशंटला नाही म्हणता येत नाही, त्याचं 'नाही' फक्त माझ्यासाठी राखलेलं असतं.

आम्ही साताऱ्याहून तीन वर्षांसाठी म्हणून इथे आलो होतो आणि ते चौदावं वर्ष होतं. नवरा एका मोठ्या सरकारी दवाखान्यात हाडांच्या विकारांचा डॉक्टर. ऊन आणि हाडं हाच त्याचा जन्मभराचा विषय. त्यावर तो गावोगावच्या परिषदांतून बोलायचा. त्याचं हिंदी मात्र असं की पेशंटला उन्हात बसायला सांगावं आणि त्याने घाबरून सावलीत पळावं. म्हणून ओपीडीत वाटायचं हिंदी पत्रक मी लिहून दिलं होतं. किती वेळ बसावं, कुठे बसावं, काय खावं, सगळं सात कलमांत. त्या पत्रकाचा मला अभिमान होता. समोरच्या रांगेतल्या प्रोफेसरीणबाई आणि त्यांच्या मैत्रिणी काच लावलेल्या व्हरांड्यात बसून हिवाळाभर ऊन खायच्या, तिळाची गजक खायच्या आणि मार्चमध्ये गुडघे दुखतात म्हणून माझ्या नवऱ्याकडे यायच्या. त्यांना बघून मी मनसोक्त हसायची. शिकल्या-सवरलेल्या बायका, पण हातातलं पत्रक वाचायची तसदी नाही.

आमची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. एकुलती एक. कुत्रं माग, नाही. मांजर माग, नाही. मी तिला काहीच पाळू दिलं नव्हतं. सरडा आला आणि तिने पिंजऱ्यासमोर जी बसकण मारली ती उठेना. आम्ही मराठीत बोलायचं, तिने हिंदीत उत्तर द्यायचं, हा घरचा रिवाज होता. "मम्मा, प्लीज़. मैं सब करूँगी. इसको कुछ नहीं होने दूँगी, पक्का," ती म्हणाली. मला पालीची किळस, सरड्याची तर त्याहून. तरी तिचा चेहरा बघून मी हो म्हटलं. ती शाळेतून आली की लॉनवर नाकतोडे पकडायची, आणि नवऱ्याने आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या मी खलबत्त्यात कुटून त्यावर भुरभुरवायची. सरडा फांदीवरून वीतभर जीभ फेकून नाकतोडा उचलायचा. मलाही ते बघायला आवडायचं, कबूल करायला हवं.

जुलैत तो फांदीवरून पडला. दोन दिवसांनी पुन्हा पडला. पुढचे पाय धनुकलीसारखे वाकायला लागले होते आणि जीभ अर्ध्यातच लुळी पडायची. मुलगी घाबरली. नवऱ्याने चष्मा वर करून एकदा पाहिलं आणि म्हणाला, "तो तसाच चालतो." वाकलेल्या पायांची पोरं रोज तपासणारा माणूस हे म्हणत होता. उद्या मी लंगडायला लागले असते तरी त्याने हेच म्हटलं असतं.

मी माळ्यावरून पिंजऱ्याचं खोकं काढलं. तळाशी ट्यूबचा कागद होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, ट्यूब दर सहा महिन्यांनी बदला, कारण ती दिसायला तशीच लखलखीत लागते पण तिच्यातलं ऊन संपलेलं असतं. फॅक्टरीवाल्याकडचे सहा आणि आमच्याकडचे पाच धरले तर ट्यूबचं वर्ष भरत आलं होतं. मी कागद नवऱ्यापुढे धरला.

"अगं, लागतेय ना अजून?" तो म्हणाला. "चालू ट्यूब काढून फेकतं का कोणी?"

"अहो, यात लिहिलंय."

"कंपन्या लिहिणारच. त्यांना विकायच्या असतात."

तो ज्या घरातून आला तिथे साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटवून वापरतात. टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरून आतून पुसून घेतात. अशा घरातल्या माणसाला लागणारी ट्यूब मेलेली आहे हे कसं पटावं? मी त्याला त्या दिवशी जे जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्यांच्या हाडांवर भाषणं देत हिंडता आणि घरातल्या मुक्या जिवाची हाडं मोडायला निघालात, एवढं नक्की म्हणाले. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. मला ते बरंच वाटलं. बाप कसा आहे हे तिलाही कळू दे, असं वाटलं.

सरड्याला बाहेर उन्हात ठेवायचं म्हटलं तर क्वार्टरांच्या मागे मांजरांची फौज होती आणि वरून पावसाचे दिवस. तेव्हा ट्यूब शोधणं भाग होतं. आमच्या सेक्टरच्या मार्केटमधल्या इलेक्ट्रिशियनने मला तशीच दिसणारी पांढरी ट्यूब दाखवली. ही ती नाही म्हटल्यावर डास मारायच्या यंत्रातली निळी काढली. "ट्यूब तो ट्यूब होती है जी," तो म्हणाला. मग मी रंगीत मासे विकणाऱ्या दुकानात गेले. तिथला सरदारजी मला आधीपासून नावडता. कोंबडीची पिल्लं गुलाबी-हिरवी रंगवून विकणारा माणूस. त्याने सरळ सांगितलं, ही ट्यूब इथे मिळत नाही, दिल्लीतही नाही, बाहेरून मागवा. मग सरड्याबद्दल काहीबाही विचारायला लागला, पिंजरा कसा आहे, कुठे ठेवलाय. मी उत्तर न देता बाहेर पडले. त्याच्याकडून काय शिकायचं होतं मला!

शेवटी नवऱ्याच्या विभागातला एक तरुण डॉक्टर परिषदेसाठी परदेशी चालला होता, त्याला मी गळ घातली. हे लोक आपल्या संशोधनाचा पोस्टर गुंडाळून पुठ्ठ्याच्या लांब नळकांड्यात नेतात. येताना त्याने पोस्टरच्या गुंडाळीत ट्यूब घातली आणि ते नळकांडं विमानात मांडीवर धरून आणलं. सप्टेंबर उजाडला होता. त्या पोस्टरवर चंदीगडच्या बायकांच्या ठिसूळ हाडांचे तक्ते होते. मी स्टुलावर चढून स्वतः ट्यूब बदलली, टोकाला मार्करने तारीख घातली आणि जुनी नवऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्याने ती पुसून खणात ठेवून दिली. मी जिंकले होते.

तीन आठवडे गेले. सरडा सुधारेना. उलट त्याचा खालचा जबडा मऊ पडला, तोंड नीट मिटेना. मुलगी शाळेत जाताना पिंजऱ्याला हात लावून जायची. एक दिवस तिने जेवता जेवता विचारलं, "मम्मा, अब तो नई लाइट है. फिर क्यों?" मी म्हटलं, उशीर झाला ना, तुझ्या बाबांमुळे. नवरा भात कालवत राहिला.

त्याच शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात मासेवाला सरदारजी. मुलीने मला न विचारता त्याला फोन केला होता. दुकान सोडून स्कूटरवर आला होता तो. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तो व्हरांड्यात गेला, गुडघे टेकून बसला, बराच वेळ सरड्याकडे बघत राहिला. मग उठून पिंजऱ्याच्या वर, ट्यूबच्या खाली, बोट फिरवलं.

"ये शीशा किसने रखा है जी?"

"मैंने," मी म्हणाले. "धूल के लिए."

ती आमच्या टीपॉयची काच होती. एप्रिलमध्ये आंधी सुरू झाली, वरच्या जाळीतून धूळ पडून सरड्याचे डोळे चिकटायला लागले, तेव्हा मी काच काढून जाळीवर ठेवली. अगदी मापात बसली होती. तेव्हापासून रोज सकाळी ओल्या वर्तमानपत्राने मी ती लख्ख पुसत होते. ट्यूब बदलली तेव्हाही काढली, पुसली आणि परत जागेवर ठेवली.

"शीशे में से इसकी धूप नहीं निकलती जी," तो हळूच म्हणाला. "बस उजाला निकलता है. पुरानी हो या नई, कोई फ़र्क नहीं."

नवरा मागे उभा होता. त्याने काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला गेल्या एप्रिलपासून या व्हरांड्यातून जाताना ती एकदाही दिसली नव्हती. पण मला आता त्याच्याशी भांडायला तोंड नव्हतं, कारण मुलगी आत गेली होती आणि फ्रिजवर चुंबकाने लावलेलं ते पत्रक घेऊन आली होती. तिने चौथं कलम मोठ्याने वाचलं. "खिड़की के शीशे के पीछे बैठकर धूप लेने से हड्डियों को कोई लाभ नहीं होता." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मा, ये तो आपने लिखा था."

सरदारजी चपला घालून निघून गेला. सांगितल्याचे पैसे घेईना, उलट मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गेला. नवऱ्याने दोन्ही हातांनी काच उचलली, आत नेऊन टीपॉयवर बसवली आणि तिच्यावर आपला चहाचा कप ठेवला. तो एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीही नाही. त्याच्या जागी मी असते तर मरेपर्यंत ऐकवलं असतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. मला त्या गप्प बसण्याचा इतका संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. मग तिथेच रडले.

सरडा वाचला. जबडा मात्र वाकडाच राहिला आणि जीभ पुन्हा कधी नेम धरू शकली नाही. पिंजऱ्याचं सगळं मुलीने माझ्याकडून काढून घेतलं. ट्यूबच्या टोकाला तारखा तीच घालू लागली. फक्त भरवणं तिला जमेना. ते वाकडं तोंड जवळून बघितलं की तिचे डोळे भरायचे. ते काम माझ्याकडे आलं.

नोव्हेंबरात दुपारचं ऊन सोसण्यासारखं झालं. मग मी जेवण आवरून रोज त्याला घेऊन लॉनवर बसायला लागले. एका हाताच्या बाहीवर सरडा, दुसऱ्या हातात मेलेला नाकतोडा, आणि जवळ मांजरांसाठी काठी. तो कष्टाने तोंड उघडायचा, मी आत घास सरकवायची. त्याच्या पायांची पकड इतकी हलकी होती की बाहीवर तो आहे की नाही हे बघावं लागायचं.

एकदा मान वर केली तर समोरच्या व्हरांड्यात प्रोफेसरीणबाई आणि त्यांच्या मैत्रिणी. एकीने मला बोट दाखवलं आणि सगळ्या पोट धरून हसल्या. काच होती, त्यामुळे आवाज आला नाही. मी खाली बघितलं आणि पुढचा घास त्याच्या तोंडाशी धरला.