अनावश्यक संभाषण टाळावे

बोऱ्हाडे पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेले. खिशातून हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक फ्रिजच्या पाठीला टेकवलं, मूठ उजव्या कानाला लावली आणि डोळे मिटले. मी पाण्याचा पेला घेऊन उभी. मिनिटभरानं म्हणाले, "सहा महिने." मग पाणी प्यायले. खरं तर ते मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर माझ्याकडून तपासून घ्यायला आले होते. फ्रिज साडेपाच महिन्यांनी बंद पडला. पंधरा दिवसांच्या फरकाबद्दल त्यांनी माझी माफी मागितली आणि दोष पिंपरीच्या व्होल्टेजवर टाकला.

पिंपरीतल्या आमच्या कंपनीत मी पर्सोनेल खात्यात होते. कागदावर माझं काम कामगारकल्याण. प्रत्यक्षात मी मोठ्या साहेबांची मराठी भाषणं आणि भिंतीवरच्या सूचना लिहायचे. सोपान बोऱ्हाडे टेस्ट बेडवर होते. तयार गिअरबॉक्स तिथं मोटरला जोडून फिरवत आणि बोऱ्हाडे तो ऐकत. मोजायची यंत्रं होतीच. पण यंत्रानं पास केलेला आणि बोऱ्हाड्यांनी नाकारलेला गिअरबॉक्स खोलला की आत काहीतरी निघायचंच. आवाजांना त्यांची स्वतःची नावं होती. "ह्यो कण्हतोय." "ह्याच्या पायात घुंगरू हाय." "ह्यो रुसलाय." इंजिनिअर लोक अहवालात त्याचं इंग्रजी करत. 'रुसलाय'शी एक तरुण इंजिनिअर दोन दिवस झटत होता. शेवटी त्यानं ती ओळ कोरी सोडली.

कंपनी ज्या जमिनीवर उभी होती तिच्यातला एक तुकडा बोऱ्हाड्यांच्या घराण्याचा होता. जमीन गेली तेव्हा ते शाळेत होते. पुढं तिच्या बदल्यात नोकरी मिळाली. "टेस्ट बेडच्या खाली आमची हीर हाय, बाई," ते सांगत. "बुजवली, पर भरली न्हाई. कान द्या, घुमती." मी कान दिला. मला कँटीनमधली भांडी ऐकू आली.

त्यांचा जोडीदार तिडके. बीडकडचा, हसरा, तोंडाला खीळ नसलेला माणूस. तो बोऱ्हाड्यांना नाना म्हणायचा. एकदा त्यानं शर्टाची दोन बटणं सोडली आणि छाती पुढं केली. "नाना, हितं लावा की तुमचं हत्यार. किती महिने, सांगा." आम्ही सगळे हसलो. बोऱ्हाडे हसले नाहीत. स्क्रू ड्रायव्हर खिशात घालत म्हणाले, "मानसाला लावायचा न्हाई. कळलं तर काय करनार?"

मग जपानी भागीदार कंपनीकडून डॅट आलं. डॅट म्हणजे टेपच, पण तिची कॅसेट दोन काडेपेट्या शेजारी ठेवाव्यात एवढी चिमुकली, आणि तिच्यावर आवाज आकड्यांच्या रूपात उतरायचा. खरखर नाही, सरसर नाही. मशीनचं उद्घाटन झालं. ओलाव्यानं बिघडेल म्हणून नारळ पार्किंगमध्ये फोडावा लागला. साहेब म्हणाले, "आज आपण नाद अमर करीत आहोत." टाळ्या पडल्या. ते वाक्य माझं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. साहेबही गेले आणि नादही.

बोऱ्हाडे मात्र त्या मशीनच्या प्रेमातच पडले. "साध्या टेपवर टेपच ऐकू येती," ते म्हणत. "हिच्यात निस्ता गिअर येतो. बाकी शांत. आमच्या हिरीत सकाळी असायचं तसं शांत." प्रत्येक ध्वनिमुद्रणात आधी नंबर बोलावा लागे, कुठला गिअरबॉक्स, कितवा गिअर. ते काम तिडक्यांकडं आलं. "गिअरबॉक्स चारशे बारा. पहिला गिअर." मग ती घरघर. "दुसरा गिअर." घरघर. शेवटी "ओके."

काही महिन्यांनी जपानहून एक टेप माघारी आली, सोबत पत्र. या टेपवर तिसऱ्या आणि चौथ्या गिअरच्या मध्ये उगम न कळलेला एक आवाज आहे, कृपया खुलासा व्हावा. सगळी प्रयोगशाळा ऐकायला जमली. तिसरा गिअर संपला आणि तिडक्यांचा आवाज आला, "नाना, चहा आलाय. भजी पण हायेत आज." साहेबांनी खुलासा पाठवला: 'उगम मानवी.'

लोकांना आठवडाभर पुरलं ते. बोऱ्हाड्यांचा चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा झाला होता. ते माझ्याकडं आले. "बाई, एक कडक सूचना लिहा. तिडक्यालाबी कळली पायजे आन साहेबालाबी." मी लिहिलं, 'ध्वनिमुद्रण चालू असताना अनावश्यक संभाषण टाळावे. हुकुमावरून.' पाटी टेस्ट बेडच्या दारावर लागली. तेवढ्यावर थांबले नाहीत बोऱ्हाडे. आधीच्या ज्या ज्या टेपवर तिडके काही बोलले होते, त्या शोधून त्यांनी त्यांच्यावर नवीन गिअरबॉक्सचे आवाज घेतले. टेपा साफ केल्या, असं म्हणाले. त्यानंतर तिडके टेपवर आकड्यांखेरीज चकार शब्द बोलले नाहीत. मी आयुष्यात पुष्कळ लिहिलं. इतकं तंतोतंत पाळलं गेलेलं दुसरं काही नाही.

तिडके काविळीनं गेले, चाळिशी ओलांडायच्या आत. काही महिने बोऱ्हाड्यांनी स्वतःच नंबर बोलून काम चालवलं. मग कॉम्प्युटर आले, डॅट मागं पडलं, कंपनी चाकणला गेली आणि जुन्या जागेवर टॉवर उठले. त्यांच्या जाहिरातीत आता शांतता विकायला आहे. टेपा भंगारात निघाल्या तेव्हा बोऱ्हाड्यांनी दोन पोती टेपा आणि एक मशीन मागून घेतलं. गेटपास मीच लिहिला: 'निरुपयोगी वस्तू.'

निवृत्तीनंतर ते भोसरीच्या गावठाणातल्या आपल्या घरात ते मशीन जिवंत ठेवत बसले. मी चिंचवडला, महिन्यातून एकदा तरी चहाला जायचे. देशभरातल्या डॅटवेड्यांचा फोनवर एक गट होता, त्यात त्यांनी मलाही ओढलं. जेमतेम वीस माणसं. कुणाकडं गाणं, कुणाकडं नाटकं, कुणाकडं गेलेल्या वडिलांचं कीर्तन, आणि सगळ्यांची मशीनं मरायला टेकलेली. सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारे डोळ्यांनी अधू झालेले. मशीनचं हेड, म्हणजे टेप वाचणारा छोटा फिरता भाग, झिजलं की संपलं. दर दोन-तीन महिन्यांनी बातमी यायची की जपानमध्ये कुणीतरी नवीन हेड बनवणार आहे. मग तीन दिवस अभिनंदनं. नागपूरच्या एका दातांच्या डॉक्टरनं स्वतःच्या हत्यारांनी हेड साफ केलं आणि मशीन कायमचं गप्प केलं. गटानं दुखवटा पाळला. बोऱ्हाड्यांना मी विचारलं, "तुमचा विश्वास बसतो या बातम्यांवर?" ते म्हणाले, "न्हाई बसत. पर आली न्हाई तर करमत न्हाई." मग म्हणाले, "साधी टेप आजारी पडती, बाई. आवाज बसतो, कळतं, काय तरी करता येतं. ही आकड्यावाली हाय ना, ही शेवटपर्यंत ठणठणीत. आन एकदम जाती."

तीन वर्षांपूर्वी तिडक्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, माझ्याकडं आल्या. त्या मुलीकडं कुरुळीला राहतात. पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरायचा होता. फॉर्म भरून झाला, चहा झाला, तरी उठेनात. मग पेल्याकडं बघत म्हणाल्या, "ताई, एक सांगू का? मला त्यांचं तोंड दिसतं. चालणं दिसतं. पण आवाज येईना झालाय. दोन वर्सं झाले. हाक मारतेत असं दिसतं, अन ऐकूच येईना." तिडके गेले तेव्हा नोकियाचे फोन खिशात आले होते, पण कुणाचा आवाज साठवून ठेवावा हे अजून कुणाला सुचत नव्हतं.

मी त्यांना घेऊन भोसरीला गेले. बोऱ्हाड्यांनी सगळं ऐकून घेतलं. वहिनी आतल्या घरात गेल्यावर म्हणाले, "सात-आठ टेपा मी पुसल्या. माझ्या हातानं." मी म्हटलं, "पाटी मी लिहिली होती." ते कोपऱ्यातल्या पोत्यांकडं बघत म्हणाले, "जपानला गेलेली टेप माघारी आली व्हती. ती तवा साहेबाच्या कपाटात व्हती, म्हंजी पुसली नसनार. पोत्यात असंल."

अडचण अशी की ओलीनं पोत्यातली निम्मी लेबलं गळून पडली होती. टेप शोधायची तर एकेक वाजवावी लागणार, आणि हेड झिजत आलेलं. जितकं शोधावं तितकं ऐकणं कमी होणार. बोऱ्हाड्यांनी मशीनच्या पोटाला स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटून ऐकलं. किती, ते सांगितलं नाही.

"नाना, जे आहे ते ऐकवू या वहिनींना," मी म्हटलं. "आकडे तर आकडे. मशीन चालतंय तोवर."

"आकडे काय ऐकवू?" ते एकदम चिडले. "बाईनं नवरा मागितला, मी गिअरबॉक्स देऊ?"

दोन महिने ते शोधत राहिले. टेप घालायची, तिसऱ्या गिअरच्या शेवटापाशी न्यायची, श्वास रोखून ऐकायचं, काढायची. जेवायला उठायचे नाहीत म्हणून सून माझ्याकडं तक्रार करायची. एका सकाळी त्यांचा फोन आला. मशीननं एक टेप चावून टाकली होती. "वहिनींना आना," म्हणाले. "आजच आना."

दुपारी आम्ही तिघं मशीनसमोर बसलो. मी माझा फोन स्पीकरजवळ धरला. बोऱ्हाड्यांनी हाताला लागेल ती टेप घातली, वहिनींकडं न बघता.

"गिअरबॉक्स सहाशे एकोणतीस. पहिला गिअर."

आवाज इतका जवळून आला की मी दाराकडं पाहिलं. वहिनींनी पाहिलं नाही. त्यांनी मान किंचित तिरकी केली. घरघर सुरू झाली, थांबली. "दुसरा गिअर." वहिनी हळूच म्हणाल्या, "सर्दी झालती."

बोऱ्हाड्यांनी वळून त्यांच्याकडं पाहिलं.

दुसरी टेप. "गिअरबॉक्स सातशे तीन." वहिनींना हसू आलं. "हे भांडून गेलते बघा. जेवलेच नव्हते."

"कशावरनं भांडण?" मी विचारलं.

"मेथीत मीठ. ते म्हणायचे खारट, मी म्हणायचे तुमची जीभच खारट."

तिसरी टेप. पाचही गिअर झाले. शेवटी तिडके म्हणाले, "ओके." वहिनींनी हात पुढं केला. "भाऊजी, तेवढं परत लावा की." बोऱ्हाड्यांनी टेप मागं घेतली, मशीन कुरकुरलं. "ओके." त्या म्हणाल्या, "थोरली झाली तव्हाचं हाय हे. ऐका ना, पेढे वाटून आल्यागत म्हणायलेत."

बोऱ्हाड्यांनी तो 'ओके' आणखी दोनदा लावला. रिजेक्ट गिअरबॉक्स पुन्हा तपासावा तसा, भुवया जुळवून. "मला समदे वक्के सारखेच ऐकू येत्यात," ते म्हणाले. चौथी टेप घातली. "गिअरबॉक्स आठशे—" आणि आवाज तुटला. मशीनवरचे आकडे पुढं सरकत होते, टेप फिरत होती, आवाज नव्हता. हेड गेलं होतं.

मग बोऱ्हाडे म्हणाले, "वहिनी, मी त्याच्या शेजारी बसून इतकी वर्सं ऐकलं. गिअर ऐकला. बोलनारा ऐकलाच न्हाई." पुढं म्हणाले, "जे पुसलं त्याच्यातबी चहा आलाय म्हनत व्हता. भजी हायेत म्हनला."

वहिनी पदर सावरत उठल्या. "ते काय, रोजच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "ते मला ठाऊकंय, भाऊजी."

माझ्या फोनमधलं ते तुटक मुद्रण मी त्यांना पाठवलं. आता त्यांना फोन आला की आधी 'दुसरा गिअर' ऐकू येतो. कुरुळीतल्या शेजाऱ्यांना वाटतं, जावयाच्या कुठल्यातरी गॅरेजची जाहिरात आहे.

बोऱ्हाडे नवीन हेडची वाट पाहत राहिले. जपानला गेलेली टेप त्यांनी नंतर शोधली नाही. गेल्या थंडीत एका सकाळी अंघोळीचं पाणी काढून ठेवलं, आणि बाहेर आले नाहीत. आदल्या संध्याकाळी ठणठणीत होते. फोनवर माझ्याशी अर्धा तास बोलले, आमच्या नव्या फ्रिजची चौकशी केली.

महिन्याभरानं सुनेनं मला बोलावून पोती आणि मशीन दाखवलं. "मावशी, तुम्ही न्या, न्हाईतर भंगारवाला हायेच." पोत्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवलेली एक टेप होती. लेबल शाबूत, बोऱ्हाड्यांच्या अक्षरात: 'तिडके गेल्यानंतर. आवाज मी.' ते स्वतःच नंबर बोलत त्या महिन्यांतली ही एक त्यांनी ओलीपासून जपली होती. आम्हाला कधी दाखवली नव्हती.

वहिनींना कळवलं, त्या आल्या. मशीन वाजणार नाही हे दोघींनाही माहीत होतं. त्याच सकाळी नागपूरच्या डॉक्टरनं गटावर बातमी टाकली होती की नवीन हेड येतंय, या वेळी खात्रीचं आहे. तरी टेप घातली. बटण दाबलं. टेप फिरायला लागली, आकडे एकेक करत पुढं सरकू लागले. आवाज नाही. खरखर नाही, सरसर नाही. पहिला गिअर कधी संपला, दुसरा कधी लागला, कळायला मार्ग नव्हता.

पाचेक मिनिटं झाली. मी मशीन बंद करायला हात पुढं केला. वहिनींनी माझं मनगट धरलं. त्यांची मान तिरकी होती.

"राहू द्या, ताई," त्या म्हणाल्या. "भाऊजी ऐकायलेत."